मोठी डिझेल मोटारहोम घ्यायचीय? आधी वजनकाटा गाठा

ओम्नी किंवा ईकोची मागची बाजू रिकामी करून, गादी टाकून, एक छोटी शेगडी घेऊन हिंडणारे पुण्यात बरेच आहेत. दोघांना ते छान पुरतं. मग मुलं होतात, मुलांचे पाय लांब होतात, आजींना गणपतीपुळ्याला यायचं असतं पण तंबूत झोपायचं नसतं, आणि घरात मोठ्या गाडीचा विषय निघतो. उभं राहता येईल अशी उंची, सहा जणांची झोपायची सोय, आत संडास आणि घाट चढेल असं डिझेल इंजिन, एवढी यादी साधारण सगळ्यांची सारखीच असते.

हा लेख पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. मोठी गाडी घेताना बहुतेक जण लांबी आणि पलंग मोजतात. तुम्ही किलो मोजा. गाडीत फर्निचर, पाणी, बॅटऱ्या, माणसं आणि सामान मिळून किती वजन कायद्याने आणि सुरक्षितपणे घालता येतं, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. हा आकडा न बघता केलेली सुंदर सजावट ताम्हिणीच्या उतारावर महागात पडते.

पहिली पायरी: विकत घेण्याआधी भाड्याने घ्या

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पुण्या-मुंबईत आता भाड्याने तयार गाडी देणारे खासगी व्यावसायिकही मिळतात. शनिवार-रविवारसाठी एक गाडी घ्या आणि घरच्या सगळ्यांना न्या, आजींनाही. फक्त नवरा-बायकोने जाऊन "मस्त आहे" म्हणण्याला अर्थ नाही.

तिथे फोटो काढण्याऐवजी काही गोष्टी बघा. रात्री दोन वाजता आजींना संडासला जायचं झालं तर किती जणांना उठवावं लागतं? पायरी किती उंच आहे? बाहेर पाऊस असेल आणि सगळे आत असतील तर एकाने पोहे करताना बाकीचे कुठे बसतात? ओल्या चपला आणि टॉवेल कुठे जातात? पलंग रोज उलगडावा लागत असेल तर तिसऱ्या दिवशी ते काम कोण करतं? या उत्तरांवरून कळतं की तुम्हाला सहा पलंग हवेत, की चार पलंग आणि बाहेर एक चांगला तंबू. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर तंबू त्यांना जास्त आवडतो, हेही लक्षात असू द्या.

आवडलेली मांडणी परत आल्यावर गच्चीवर खडूने काढा. खऱ्या मापाची चौकट आखून त्यात खुर्च्या, गाद्या, ओट्याच्या जागी स्टूल ठेवा आणि घरच्यांना त्यात वावरायला सांगा. कागदावर ऐसपैस दिसणारी जागा गच्चीवर अर्ध्या तासात खरी किती आहे ते कळतं.

दुसरी पायरी: वजनाचा हिशोब

प्रत्येक गाडीच्या कागदांवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं. दुसरं एकूण मान्य वजन, म्हणजे माणसं, सामान, डिझेल सगळं धरून गाडी जास्तीत जास्त किती जड असू शकते ते. या दोहोंतला फरक हेच तुमचं भांडवल.

उदाहरण म्हणून गोल आकडे घेऊ. समजा गाडीचं एकूण मान्य वजन ४,५०० किलो आहे आणि सीटा काढलेली, डिझेल भरलेली रिकामी गाडी काट्यावर २,७०० किलो भरली. हातात उरले १,८०० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. आता खर्च बघा. मोठी-लहान धरून सहा माणसं म्हणजे ३६० किलो. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, पाण्याला सूट नाही. फर्निचरसाठी १८ मिलिमीटरचं प्लायवूड वापरलं तर आठ बाय चारचा एक शीट ३५ ते ४० किलोचा भरतो. असे बारा शीट लागले की साडेचारशे किलो गेले. एसी साठेक किलो, दोन लिथियम बॅटऱ्या पन्नास, भरलेला घरगुती सिलिंडर तीसच्या आसपास. कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या, सायकली माणशी २० किलो धरले तर १२०. फ्रिज, गाद्या, सिंक, संडास, छतावरची कनात मिळून २०० सहज. बेरीज १,४२० होते. उरले ३८० किलो.

आता कुणीतरी म्हणतं की पाण्याची टाकी ३०० लिटरची करू, ओट्यावर ग्रॅनाइट घालू, सागवानी दरवाजे करू. संपलं. म्हणूनच १८ ऐवजी १२ मिलिमीटरचं प्लाय, किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर हलके पॅनल वापरणारा कारागीर थोडा महाग असला तरी परवडतो. घरच्या मॉड्युलर किचनवाल्याकडून आतलं काम करून घेऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. तो घरासाठी बनवतो आणि घर घाट चढत नाही.

एकूण वजनाइतकंच ते कुठे पडतं हेही बघावं लागतं. पाण्याची टाकी, संडास आणि बॅटऱ्या हे तिन्ही मागच्या चाकांच्याही मागे ठेवले तर मागचा ॲक्सल जादा भाराखाली दबतो आणि पुढची चाकं हलकी पडतात. स्टेअरिंग हातात असतं, पण गाडी ऐकत नाही. जड वस्तू दोन्ही ॲक्सलच्या मधे आणि जमिनीलगत, हलक्या वस्तू वरच्या कपाटांत. पोळपाट, कुकर, कॅनचा साठा वरच्या कपाटात नको.

काट्यावर जाणं अवघड नाही. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वजनकाटे जागोजागी आहेत. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. तिन्ही पावत्या जपा. हे तीन वेळा करायचं आहे: गाडी ताब्यात आली त्या दिवशी, फर्निचर झाल्यावर, आणि पहिल्या सहलीला निघताना पाणी-सामान-माणसांसकट. तेव्हा माणसांनाही खाली न उतरवता गाडीतच बसवून काट्यावर न्या, मुलांना त्यात मजाच येते.

तिसरी पायरी: चेसिस, म्हणजे ज्यावर घर बांधायचं ती मूळ गाडी

पुण्यात बसून हा विषय निघाला की आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचं नाव येतंच. शाळेच्या गाड्या, रुग्णवाहिका, ऑफिसच्या गाड्या यांत त्यांची ट्रॅव्हलर व्हॅन सर्रास दिसते, त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक गावोगावी मिळतात. कोकणात किंवा मराठवाड्यात गाडी अडली की ही गोष्ट लाखमोलाची ठरते. ट्रॅव्हलरचे ३,३५० आणि ४,०२० मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) कॅम्परसाठी जास्त वापरले जातात. फोर्सचीच अर्बानिया ही नवी, अधिक आरामशीर आणि महाग. ती ३,३५०, ३,६१५ आणि ४,४०० मिलिमीटर व्हीलबेसमध्ये येते आणि सगळ्यात मोठी जवळपास ७ मीटर लांब आहे. टाटाची विंगर उंचीने बुटकी आणि शहरात चालवायला सोपी. आयशर किंवा भारतबेंझच्या बस चेसिसवरही लोक मोटारहोम बांधतात, पण पहिल्याच मोठ्या गाडीसाठी मी तो सल्ला देणार नाही. ती चालवायला, उभी करायला आणि दुरुस्त करायला वेगळीच तयारी लागते.

माझं मत विचाराल तर चार ते पाच जणांच्या कुटुंबाला ३,३५० चा व्हीलबेस पुरतो. सहावा माणूस वर्षातून एखाद्याच सहलीला येणार असेल तर त्याच्यासाठी एक मीटर जास्तीची गाडी वर्षभर वागवू नका.

डिझेलच का, हेही जरा नीट बघू. ईकोच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, सुमारे १०४ न्यूटन-मीटर आहे आणि तो ३,००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो. ट्रॅव्हलरच्या २.६ लिटर डिझेलचा ३५० च्या घरात आहे. पण भरलेली मोटारहोम ईकोच्या तिप्पट जड असते, म्हणजे टनामागे हिशोब केला तर दोघी जवळपास सारख्याच. फरक पडतो तो डिझेलचा जोर कमी आरपीएमलाच, १,४०० च्या आसपास, हाती येतो म्हणून. खंबाटकीच्या वळणावर ट्रकमागे रांगताना इंजिन किंचाळत नाही, क्लच जळत नाही. मात्र वेगाची अपेक्षा ठेवू नका. मायलेज लिटरला १० किलोमीटरच्या आसपास धरून चाला. पुण्याहून गणपतीपुळ्याला जाऊन-येऊन साधारण ६५० किलोमीटर होतात, म्हणजे ६५ लिटर डिझेल. टोलही मोटारीच्या दराने लागेलच असं नाही. फास्टॅग कुठल्या वर्गाचा मिळतो ते आधी बघा, कारण मिनीबस आणि हलक्या व्यापारी गाड्यांचा दर मोटारीपेक्षा जास्त असतो.

जुनी गाडी घ्यायची तर पुण्यात माल भरपूर आहे, पण त्याचा इतिहास वाचता आला पाहिजे. हिंजवडी, मगरपट्टा, खराडीला कर्मचाऱ्यांची ने-आण केलेल्या गाड्यांचे किलोमीटर कमी दिसतात. ते किलोमीटर मात्र वाकडच्या सिग्नलवर झालेले असतात. क्लच, गिअरबॉक्स, धुराड्यातला फिल्टर यांची झीज तासांवर होते, किलोमीटरवर नाही. अशी गाडी सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून बघा. आदल्या रात्रीच मालकाला सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. किनाऱ्यावर चाललेली गाडी असेल तर खाली शिरून गंज बघा, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या आसपास. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. टायरवरची नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर भरल्या गाडीला नकोत.

चौथी पायरी: उभी कुठे करणार?

हा प्रश्न खरं तर पहिला आहे, पण पहिल्यांदा विचारला तर निम्मे लोक पुढे वाचणारच नाहीत.

सोसायटीतली पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटरची असते. सात मीटरची गाडी त्यात बसत नाही आणि पोडियमखालच्या पार्किंगची उंची अडते. छतावर एसी बसवला की गाडी आणखी वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच होते. सोसायटीच्या समितीकडून लेखी परवानगी घ्या. सेक्रेटरींच्या तोंडी "बघू की" वर पंधरा-वीस लाखांचा निर्णय घेऊ नका, पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलतो. रस्त्यावर कायम उभी करायचा विचार असेल तर पुण्यातल्या पाट्या तुम्हाला माहीत आहेतच.

ज्यांच्याकडे पानशेत, भोर किंवा शिरूर बाजूला जागा आहे त्यांचं काम सोपं आहे. बाकीच्यांनी शहराच्या कडेला मासिक भाड्याचं बस-पार्किंग शोधावं. तिथे सॉकेट मिळतो का, पावसात चिखल होतो का आणि रात्री राखणदार असतो का, ही तीन उत्तरं भाड्याच्या रकमेपेक्षा महत्त्वाची. गाडी घरापासून एक तासावर असेल तर ती वापरली जात नाही, असं मी आसपास पुष्कळ पाहिलं आहे.

पाचवी पायरी: कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदीत असलेल्या मूळ तपशिलांत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मिनीबस घेऊन सीटा काढल्या, पलंग टाकले आणि आरसीवर मात्र "बस" तशीच राहिली, तर रस्त्यावर दंड होतोच, शिवाय अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. ती भीती जास्त मोठी आहे.

मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. कारागिराला पहिलाच प्रश्न विचारा: तुमच्या मांडणीला मान्यता आहे का, आणि आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहून येईल? मान्यता देणाऱ्या संस्था आपल्याच गावात आहेत. पौड रस्त्यावरच्या ज्या टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो, तिला जिचं नाव पडलं ती एआरएआय त्यातलीच, आणि भोसरीची सीआयआरटी दुसरी. तुम्हाला स्वतः तिथे जावं लागत नाही, ते काम उत्पादकाचं आहे. प्रमाणपत्राची प्रत मात्र मागा आणि त्यावरचा चेसिसचा प्रकार तुमच्याच गाडीचा आहे ना ते वाचा.

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या वर्गवारीत नॉन-ट्रान्सपोर्ट धरली जाते. म्हणजे पांढरी पाटी आणि १५ वर्षांची नोंदणी. पण मग ती भाड्याने देता येत नाही. "आपण नसू तेव्हा भाड्याने देऊ, हप्ता सुटेल" असा बेत असेल तर पिवळी पाटी, परमिट आणि दर काही काळाने फिटनेस, हा रस्ता आधीच निवडावा लागतो. पिवळ्या पाटीची जुनी गाडी खासगीत आणायची असेल तर परमिट परत करणं, कराचा फरक भरणं आणि ना-हरकत दाखले यांना वेळ जातो. व्यवहार ठरवण्याआधी तुमच्या पत्त्याप्रमाणे पुण्याच्या एमएच-१२ किंवा पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ कार्यालयात जाऊन कर किती बसेल ते विचारून या. एजंटच्या तोंडी आकड्यावर इसार देऊ नका.

लायसन्सचा घोळ आता कमी झाला आहे. एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच मर्यादेतल्या परिवहन गाड्यांबद्दलही तेच कायम केलं. ट्रॅव्हलर, अर्बानिया, विंगर या मर्यादेत बसतात. विम्यात मात्र फर्निचर आणि उपकरणांची किंमत बिलांसह वेगळी लिहून घ्या, नाहीतर भरपाई रिकाम्या व्हॅनची मिळेल.

सहावी पायरी: आतलं काम

प्रवासात प्रत्येक माणसाला पट्ट्यासह नोंदलेली सीट हवी. चालत्या गाडीत पलंगावर कुणी झोपायचं नाही, मुलांनी तर नाहीच. सहा जण जाणार असतील तर सहा पट्टे, आणि त्या सीटा प्लायवर नाही, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेल्या हव्यात. या एका मुद्द्यावर तडजोड करणारा कारागीर असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा.

विजेचं गणित लोकांना उगाच गूढ वाटतं. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. इंडक्शनवर चहा आणि पोहे पंधरा-वीस मिनिटांत होतात, त्याला अर्धा युनिट लागतो. १२ व्होल्टवरचा कॉम्प्रेसर फ्रिज, पंखे, दिवे, मोबाइल मिळून दिवसाला एखादा युनिट. हे सगळं एका बॅटरीत भागतं. पण एक टनाचा एसी रात्रभर चालवला तर पाच-सहा युनिट खातो, त्याला दोन बॅटऱ्याही कमी पडतात. म्हणून एसी फक्त बाहेरचा प्लग मिळेल तिथे, असं मनाशी ठरवून टाका आणि बाकी ठिकाणी छतातला चांगला पंखा व जाळीच्या खिडक्या यांवर पैसे घाला. छतावर ४०० वॉटचं सोलर असेल तर पुण्यात उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट मिळतात. जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यात ते शोभेचं. तेव्हा उपयोगी पडतो तो इंजिनच्या आल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर. तो ३० अँपिअरचा असेल तर चार तासांच्या प्रवासात निम्म्याहून जास्त बॅटरी भरते. नुसती जाड वायर जोडून काम भागवणारे असतात, त्यांना थांबवा. नव्या गाड्यांच्या आल्टरनेटरला ते मानवत नाही आणि चेसिसची वॉरंटीही धोक्यात येते.

बाहेरच्या प्लगला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ढाब्यावरच्या सॉकेटला अर्थिंग असेल असं गृहीत धरू नका, एक साधा टेस्टर ड्रॉवरमध्ये ठेवा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचं कपाट बाहेरून उघडणारं, आतल्या बाजूने बंद आणि तळाला भोक असलेलं हवं. घरात आजी आणि लहान मुलं असतील तर मी गॅस टाळून इंडक्शनच सुचवेन. झोपायच्या जागी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचे अलार्म लावा, आणि दाराजवळ हाताला येईल असं अग्निशामक.

संडासासाठी कॅसेट प्रकार सोपा: खालची पेटी काढून रिसॉर्टच्या किंवा सार्वजनिक संडासात ओतता येते. नदीत, ओढ्यात, घाटाच्या कडेला अजिबात नाही. कपाटांना चुंबकाच्या कड्या लावू नका, पहिल्याच वळणावर वाटाण्याचा डबा खाली येतो. दाबून उघडणारी कुलपं लावा. आणि छताला पडलेल्या प्रत्येक भोकाची, एसी, पंखा, सोलरच्या वायरी सगळ्यांची, पावसाळ्याआधी एकदा होजपाइपने भरपूर पाणी मारून परीक्षा घ्या. गळती पहिल्या दिवशी दिसत नाही. ती प्लायच्या आत जाते आणि गणपतीत वास येतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याला भिंती झाकण्याआधी वायरिंगचे, पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे दुरुस्तीला तेच नकाशे होतात.

सातवी पायरी: डिझेल इंजिन आणि घाट

एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो आणि बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांना डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, वेगळ्या टाकीत भरावं लागतं. पेट्रोल गाडीतून येणाऱ्यांना हे नवं असतं. ती टाकी संपली की गाडी आधी इशारा देते, मग जोर कमी करते आणि शेवटी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. एक कॅन जवळ ठेवा, पण सीलबंदच, आणि चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतू नका. फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन काही वेळ सलग गरम चालावं लागतं. डेक्कन ते कोथरूड अशा फेऱ्यांनी ते होत नाही. पंधरवड्यातून एकदा साताऱ्याच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास सलग चालवलीत की झालं. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला असताना गाडी मधेच बंद करू नका.

चालवायचा सराव रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात करा. मागच्या चाकांमागे लांब शेपूट असलेली गाडी वळताना मागचा कोपरा उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो, आणि पहिल्या महिन्यात ओरखडे तिथेच पडतात. रिव्हर्सला कॅमेरा असला तरी एक जण खाली उतरलाच पाहिजे. वरची झाडाची फांदी कॅमेऱ्यात दिसत नाही.

घाटात ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. ब्रेक दाबून धरत उतरलं तर ते तापतात आणि ऐन वळणावर पाय नुसताच खाली जातो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. सरावासाठी खंबाटकी चांगला: साताऱ्याकडे जाताना घाट चढून उतरता येतो आणि परतताना बोगदा आहे. त्यानंतर पसरणी. वरंधा आणि आंबेनळी इतक्यात नकोत, पावसाळ्यात तर विषयच नको. ताम्हिणी सुंदर आहे, पण पावसाळी शनिवार-रविवारी तिथे कडेला लावलेल्या मोटारींमुळे मोठ्या गाडीला हलता येत नाही.

आठवी पायरी: पहिल्या सहली

पहिली रात्र घरापासून तासाभरावर काढा. पानशेत किंवा कार्ल्याच्या एमटीडीसी निवासाला आधी फोन करून गाडी उभी करायला आणि प्लगला परवानगी मिळते का ते विचारा. पवना धरणाच्या काठी खासगी कॅम्पवाले बरेच आहेत, तिथला उतरता कच्चा रस्ता मात्र गाडी नेण्याआधी पायी चालून बघा. कुठेही रानात, धरणाच्या भिंतीजवळ, वनखात्याच्या जागेत परस्पर मुक्काम करायचा नाही.

त्यानंतर एखादी दोन रात्रींची सहल, मग कोकण. गणपतीपुळ्याला मोठ्या गाडीने जाताना कराड-कुंभार्ली-चिपळूण किंवा कोल्हापूरवरून आंबा घाट असे दोन पर्याय धरा, आणि अंधार पडायच्या आत पोचा. गावातल्या गल्ल्यांत गाडी घालू नका. बाहेर लावून रिक्षा करा, वेळ आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

कोकणातून परत आलात की दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, खारी हवा पाट्या आणि ब्रेकच्या नळ्या खाते. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून झाकण उघडं ठेवा, फ्रिजचं दार फटीएवढं उघडं, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर गाद्या उभ्या करून त्यांच्यामागे हवा खेळू द्या. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, सोलर चालू राहू द्या.